गाडी फर्स्ट क्लास, पण विचारायचं कुणाला?

इलेक्ट्रिक कार घ्यायची ठरवली आणि तीन शोरूम पालथी घातली. गाड्या सगळ्याच चकाचक होत्या. गडबड होती ती गाडीशेजारी उभ्या असलेल्या टायमध्ये!

"सर, कोल्हापूर ना? अहो, एका चार्जमध्ये जाऊन-येऊन होतं!"

शोरूममधल्या निळ्या टायवाल्याने हे इतक्या झोकात सांगितलं की मी बायकोकडे विजयी मुद्रेने पाहिलं. बघ, म्हटलं नव्हतं? पुणे-कोल्हापूर साधारण २३० किलोमीटर. ब्रोशरवर छापलेली रेंज ४६०. हिशोब तिसरीतल्या पोरालाही जमेल.

पण माझी बायको ऑडिटमध्ये काम करते. आकडे फार नीट जुळले की तिला संशय येतो. तिने शांतपणे विचारलं, "तुम्ही स्वतः गेलाय का कधी ही गाडी घेऊन कोल्हापूरला?"

निळा टाय गोड हसला. "मॅडम, मी ॲक्टिव्हा चालवतो."

तर मंडळी, ही गोष्ट २०२५ च्या दसऱ्याच्या आसपासची. आम्ही राहतो कोथरूडला. माझं ऑफिस हिंजवडीत, तिचं खराडीत, म्हणजे एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला. ती वनाझहून मेट्रो पकडते, मी गाडी काढतो. रोजचे जाऊन-येऊन ४२ किलोमीटर. नऊ वर्षांची जुनी हॅचबॅक दर महिन्याला पेट्रोल पंपावर माझा खिसा कापत होती. शिवाय ऑफिसच्या पार्किंगमध्ये हिरव्या नंबर प्लेट्स वाढत चालल्या होत्या. लंच टेबलवर एकच विषय, 'किलोमीटरला किती पडतं रे?' म्हटलं, चला, आपणही उडी मारू.

उडी होती साडेसोळा लाखांची, ऑन रोड. सात वर्षांचं लोन. फ्लॅटनंतरची आयुष्यातली सगळ्यात मोठी खरेदी. आणि आईबाबा कोल्हापुरात, त्यामुळे महिन्यातून एकदा तरी तिकडे चक्कर. म्हणजे गाडीला शहर जमलं पाहिजे आणि खंबाटकीही जमली पाहिजे.

आता गंमत बघा. पेट्रोलची गाडी घेताना शोरूमवाल्याला काही येत नसलं तरी आपलं अडत नाही. मायलेजचं मामा सांगतात, टायरचं शेजारचे काका सांगतात, उरलेलं सगळं गॅरेजवाला अण्णा सांगतो. इतक्या वर्षांचं शहाणपण गल्लीबोळात पडलेलं आहे. इलेक्ट्रिकचं तसं नाही. मामांनी गाडी पाहिली की ते बॉनेट उघडून "इंजिन कुठंय?" विचारतात. अण्णा लांबूनच हात जोडतो. त्यामुळे इथे काउंटरपलीकडचा माणूस हाच मामा, हाच काका आणि हाच अण्णा. त्यालाच काही माहीत नसेल तर आपण संपलो, बॉस!

शोरूम नंबर एक : 'सगळं होतं सर!'

निळ्या टायवाल्याकडे आम्ही तासभर होतो. कॉफी झकास होती. मागचा टच स्क्रीन, सनरूफ, रंग बदलणारे दिवे, सगळं त्याला तोंडपाठ. गाणी कुठून लावायची, हे त्याने तीनदा दाखवलं. पण गाडी चालते कशावर, हा विषय आला की उत्तर एकच, "टेन्शनच घेऊ नका सर."

घरी येऊन आम्ही दोघांनी त्याची उत्तरं एकेक करून तपासली. तेव्हा लक्षात आलं की हा पोरगा खोटारडा नव्हता. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

कोल्हापूरचंच घ्या. ब्रोशरवरचा ४६० हा आकडा हवेतला नसतो. तो एमआयडीसी नावाच्या चाचणीतून येतो. (आपली भोसरीची एमआयडीसी नव्हे! हे 'मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल'.) त्यात गाडी प्रयोगशाळेत रोलर्सवर ठरावीक पद्धतीने पळवतात आणि वेग ताशी ९० च्या वर जातच नाही. अशा चाचण्या करून प्रमाणपत्र देणारी एआरएआय ही संस्था तर आमच्या कोथरूडच्या टेकडीवरच आहे. आम्ही रविवारी सकाळी तिथेच धापा टाकत फिरायला जातो! तर तो आकडा दोन गाड्यांची तुलना करायला बरा. पण चार माणसं, एसी, घाट आणि शंभरचा वेग असला की रेंज सरळ खाली येते.

दुसरा प्रश्न चार्जिंगचा. तो म्हणाला, "चाळीस मिनिटांत फुल!" चाळीस मिनिटांचा हिशोब असतो तो साधारण १० ते ८० टक्क्यांचा, आणि तोही तगड्या डीसी चार्जरवर. चार्जर ३० किलोवॅटचा मिळाला तर आमच्या ४५ किलोवॅट-अवरच्या बॅटरीला तेवढ्यासाठीच तासभर लागतो. ८० च्या पुढे तर गाडी बॅटरी सांभाळायला स्वतःच वेग कमी करते. घरच्या १५ ॲम्पियरच्या सॉकेटवर शून्यापासून फुल करायला पंधरा तास. ऐकून छाती दडपते ना? पण रोज शून्यापासून कोण भरतंय? माझ्या ४२ किलोमीटरचं जेवण दोन-सव्वादोन तासांत होतं. एवढं साधं उत्तर होतं आणि तेच त्याला देता आलं नाही.

तिसरं, टॅक्स. "सर, लोनच्या व्याजावर दीड लाखांची सूट मिळते, एटी डबल ईबी!" इथे बायकोने पेन खाली ठेवलं. ८० ईईबी ही सवलत खरोखर होती. पण १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांपुरती. आम्ही विचारत होतो २०२५ मध्ये. कुणीतरी त्याला जुनं प्रेझेंटेशन दिलं होतं आणि तो बिचारा तेच म्हणून दाखवत होता. लोकांनी या दीड लाखाच्या भरवशावर ईएमआयचा हिशोब मांडला असेल तर?

चौथं, पाणी. "आयपी ६७ आहे सर, पुरात घातली तरी काही होत नाही." आयपी ६७ म्हणजे एक मीटर खोल स्थिर पाण्यात अर्धा तास ठेवून केलेली चाचणी. बॅटरीचा डबा पक्का आहे, एवढाच त्याचा अर्थ. सिंहगड रोडवर पाणी भरलंय आणि आपण होडीसारखी गाडी घालतोय, याची ती परवानगी नाही. तिथे वॉरंटी आणि इन्शुरन्सवाले दोघेही भुवया उंचावतात.

आणि पाचवं, 'लाइफटाइम वॉरंटी'. कुणाची लाइफटाइम? गाडीची, बॅटरीची की माझी? अशा योजना बहुतेक वेळा पहिल्या मालकापुरत्या असतात. गाडी विकली की दुसऱ्या मालकासाठी वर्षांची आणि किलोमीटरची मर्यादा लागते. म्हणजे रीसेलच्या वेळी किंमत ठरवणारी गोष्ट ही. ती बारीक अक्षरात होती आणि निळ्या टायने ती वाचलेली नव्हती.

शोरूम नंबर दोन : 'पेट्रोल घ्या ना!'

दुसऱ्या कंपनीचं शोरूम. इथले साहेब सीनियर होते. टाय नाही, जॅकेट. आम्ही इलेक्ट्रिक म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा झाला, जणू आम्ही जेवायला बसून उपवासाचं मागितलं.

"बघा, मी तुम्हाला घरच्यासारखं सांगतो. हायवेला ईव्ही नको. चार्जर बंद असतात. बॅटरी गेली की लाखांचा खड्डा. आणि आता छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. स्टॉक तयार आहे. दसऱ्याला डिलिव्हरी!"

जीएसटीचं खरं होतं, २२ सप्टेंबर २०२५ पासून दर उतरले होते. पण ईव्हीवर २०१९ पासून फक्त ५ टक्के जीएसटी आहे, हे त्यांनी सांगितलं नाही. टेस्ट ड्राइव्हची इलेक्ट्रिक गाडी मागितली तर ती 'चार्ज नाहीये' म्हणून कोपऱ्यात उभी. शोरूमच्या आत, चार्जरपासून दहा फुटांवर! आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो.

हे काही आपल्याकडेच होतं असं समजू नका. २०१८ मध्ये 'नेचर एनर्जी' या जर्नलमध्ये एक अभ्यास छापून आला होता. संशोधक साधे गिऱ्हाईक बनून डेन्मार्क, फिनलंड, आइसलँड, नॉर्वे आणि स्वीडनमधल्या ८२ डीलरशिपमध्ये एकूण १२६ वेळा जाऊन आले. सेल्समन इलेक्ट्रिक गाडीचा विषयच टाळतात, चुकीची माहिती देतात आणि पेट्रोल-डिझेलकडे वळवतात, असं चित्र दिसलं. जिथे इलेक्ट्रिकचा एवढा गाजावाजा, तिथे ही तऱ्हा!

आणि का करतात, त्याचं कारणही सरळ आहे. इलेक्ट्रिक गिऱ्हाईक शंभर प्रश्न विचारतं, चार चकरा मारतं. तेवढ्या वेळात दोन पेट्रोल गाड्या निघतात. सेल्समनचा इन्सेंटिव्ह गाड्या मोजून मिळतो, उत्तरं मोजून नाही. त्यात वर्कशॉपचं दुखणं वेगळं. या गाडीत इंजिन ऑइल नाही, ऑइल फिल्टर नाही, स्पार्क प्लग नाही, क्लच नाही. ब्रेक पॅडसुद्धा कमी झिजतात, कारण वेग कमी करायचं बरंचसं काम मोटरच करते आणि उलट बॅटरी भरते. आपला फायदा हाच डीलरचा तोटा. मग त्याला उत्साह कुठून येणार?

कंपन्यांनाही हे कळलंय. टाटांनी जानेवारी २०२४ मध्ये गुरुग्रामला फक्त इलेक्ट्रिक गाड्यांची वेगळी शोरूम काढली, ती काही उगाच नाही. पण प्रत्येक शहरात, प्रत्येक काउंटरवर तशी माणसं उभी राहायला वेळ लागणार.

शोरूम नंबर तीन : 'माहीत नाही'

तिसऱ्या शोरूममध्ये आम्ही गेलो ते निव्वळ कोटेशनसाठी. गाडी तीच, पहिल्या शोरूमचीच, फक्त डीलर दुसरा. समोर आला एक चोवीस-पंचवीसचा पोरगा. टाय होता पण सैल. बोलण्यावरून कळलं, कराडकडचा.

पहिल्या दोघांनी आम्हाला विचारलं होतं, "बजेट किती? फायनान्स की कॅश?" याने विचारलं, "सर, रोज किती चालते? पार्किंग तुमच्या नावावर आहे का? मीटरपासून पार्किंग किती लांब? सोसायटीची परवानगी काढलीय का? आणि गावाकडं घराला अर्थिंग आहे का?"

मी बघतच राहिलो. अर्थिंग?

"सर, अर्थिंग नीट नसलं की पोर्टेबल चार्जर लाल दिवा दाखवतो आणि चार्जच करत नाही. जुन्या घरात असतंय असं. लोक म्हणतात गाडी बिघडली."

मग बायकोने तिचा हुकमी प्रश्न टाकला. कोल्हापूर.

पोरगा दोन सेकंद थांबला. "खरं सांगू का मॅडम? मला नाही माहीत. मी ही गाडी साताऱ्याच्या पुढं नेलेली नाही. उद्या अकरापर्यंत सांगतो."

दुसऱ्या दिवशी दहा पन्नासला फोन. दर आठवड्याला कराडला जाणाऱ्या एका गिऱ्हाइकाला त्याने विचारलं होतं. "सर, हायवेला २८० ते ३०० धरा. फुल करून निघालात तर पोचाल, पण अगदी कोरड्यावर येऊ नका. साताऱ्याला किंवा कराडला वीस-पंचवीस मिनिटं लावा, तोवर चहा होतोय. आणि टोलचं पण सांगतो. २०२५ च्या धोरणात टोलमाफी जाहीर झाली ती एक्स्प्रेस वे, समृद्धी आणि अटल सेतूला. आपला कोल्हापूर रस्ता त्यात नाही. खेड शिवापूरला पैसे जाणार."

आम्ही विचारलेलं नव्हतं, तरी वाईट बातमीही त्याने स्वतःहून सांगितली.

आणखी एक. "रोज ८० टक्के चार्ज करायची की १००?" हा प्रश्न मी तिन्हीकडे टाकला होता. पहिला म्हणाला, "कशीही करा." दुसऱ्याला प्रश्नच कळला नाही. या पोराने वर्कशॉपमध्ये जाऊन विचारलं आणि सांगितलं, "आपली बॅटरी एलएफपी आहे सर. हिला १०० चं वावडं नाही. उलट आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा घरी सावकाश १०० करा, नाहीतर मीटरचा अंदाज चुकायला लागतो. तुमच्या मित्राची एनएमसी बॅटरी असेल तर त्याला ८० ठीक." एलएफपी बॅटरीचं व्होल्टेज बराच वेळ जवळपास सपाट राहतं, म्हणून किती उरलंय हे गाडीला मधूनच ओळखता येत नाही. एकदा टाकी काठोकाठ भरली की हिशोब परत जुळतो. बास, इतकंच.

निळा टाय बारा हजार जास्त डिस्काउंट देत होता. आम्ही एका रात्रीत ठरवलं आणि गाडी तिसरीकडे बुक केली. बायको म्हणाली, "हे बारा हजार आपण त्याच्या 'माहीत नाही'चे दिले हं."

डिलिव्हरी : केक, नारळ आणि सेल्फी

दसऱ्याला गाडी आली. मोठा लाल रिबन, केक, नारळ, टाळ्या, व्हिडिओ. फोटोसाठी चाळीस मिनिटं. गाडी समजावून सांगण्यासाठी ठेवलेली वेळ, पाच मिनिटं! मागे पुढची पार्टी हार घेऊन उभी.

पण आमच्या पोराने मला बाजूला घेतलं. चार्जिंग गन स्वतःच्या हाताने लावायला आणि काढायला लावली. १२ व्होल्टची छोटी बॅटरी कुठे आहे ते दाखवलं. (हो, मोठी बॅटरी फुल असली तरी ही छोटी बसली की गाडी उठत नाही. जुन्या गाडीसारखंच!) गाडी बंद पडली तर टो करून ओढायची नाही, सपाट ट्रकवर चढवूनच न्यायची, कारण चाकं फिरली की मोटरही फिरते, हे बजावलं. आणि डिकीच्या आतल्या बाजूला एक छोटं झाकण उघडून एक दोरी दाखवली. "गन अडकली तर ही ओढायची सर. लागणार नाही, पण बघून ठेवा."

मी मान डोलावली. खरं सांगतो, माझं अर्धं लक्ष केककडे होतं.

साताऱ्याची ती रात्र

डिसेंबर. आईबाबा पुण्यात आले होते, त्यांना शुक्रवारी कोल्हापूरला सोडायचं होतं. मी ऑफिसातून उशिरा सुटलो, चार्जिंगला वेळच मिळाला नाही. निघताना ७८ टक्के. म्हटलं, साताऱ्याला भरू. नऊच्या सुमाराला साताऱ्याजवळच्या चार्जरवर पोचलो तेव्हा ३७. गन लावली, आईसाठी चहा आणला, आणि ४१ वर आकडा गेला तोच खटकन अंधार. सगळ्या परिसराची लाइट गेली.

इथवर ठीक. पण गन निघेना! गाडीने ती घट्ट धरून ठेवलेली. बटण दाबलं, रिमोट दाबला, प्रेमाने ओढली, रागाने ओढली. काही नाही. बाहेर थंडी, आत आईचं गुडघ्याचं दुखणं. बाबा काच खाली करून म्हणाले, "काय रं, खुट्ट्याला बांधलेल्या म्हशीगत झालंय की हे!"

कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. मराठीसाठी तीन दाबा. तीन दाबलं. पलीकडून हिंदी. नाव, नंबर, चासिस नंबर, लोकेशन. मग तो प्रश्न आला, जो मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"सर, गाडी में पेट्रोल कितना है?"

मी म्हटलं, इलेक्ट्रिक गाडी आहे हो. पलीकडे शांतता. मग, "सर, फॉर्म में भरना पड़ता है." शेवटी त्याने शून्य लिहिलं असावं. "दीड-दोन तासांत टोइंग व्हॅन पाठवतो," असं आश्वासन मिळालं. मी विचारलं, फ्लॅटबेड आहे ना? "सर, वो क्या होता है?"

त्या पोराची चूक नव्हती. त्याच्यासमोरच्या स्क्रीनवर पेट्रोल गाडीचाच फॉर्म होता. पण चूक कुणाची, हा विचार रात्री नऊ वाजता हायवेवर सुचत नाही.

मग मी कराडच्या पोराला फोन लावला. सुट्टीच्या वेळी, संकोचत. दुसऱ्या रिंगला उचलला. "सर, घाबरू नका. लाइट गेलीय म्हणजे गनमधून करंट येत नाही. तरी आधी चार्जरचं लाल इमर्जन्सी बटण दाबून घ्या. आता गाडी एकदा लॉक करा, अनलॉक करा. नाही निघाली? डिकी उघडा. उजवीकडं झाकण. दोरी. सावकाश ओढा."

खट्ट! गन हातात. बाबांनी आतून टाळी वाजवली.

"आता किती आहे, ४१? कोल्हापूर सव्वाशे किलोमीटर, ते धरू नका. कराड पन्नास-बावन आहे. ऐंशीच्या वेगानं जावा, वीस-बावीस टक्के उरतील. कराडला चालू चार्जर आहे, मी आत्ता तिथल्या माणसाला विचारतो." पाच मिनिटांत मेसेज आला, 'चालू आहे सर'. कराडला पोचलो तेव्हा २२ टक्के. बाबांनी फोन हातात घेऊन त्याला सांगितलं, "बाळा, कोल्हापूरला आलास की घरी जेवायला ये. तांबडा-पांढरा."

टोइंग व्हॅनवाल्याचा फोन आला पावणेबाराला. तोवर आम्ही घरी पोचून गाडी लावत होतो.

दहापैकी दहा

दोन दिवसांनी कंपनीचा फीडबॅक कॉल. "सर, आमच्या सर्व्हिसला दहापैकी किती?" त्याआधीच डीलरकडून मेसेज होता, 'कृपया सगळीकडे १० द्या, नाहीतर स्टाफचा इन्सेंटिव्ह कापला जातो.' हा प्रकार गाडी घेतलेल्या प्रत्येकाला माहीत असेल. शोरूम स्वच्छ होतं का? दहा. कॉफी विचारली का? दहा. दिलेली माहिती बरोबर होती का? हा प्रश्नच यादीत नव्हता.

पहिल्या सर्व्हिसच्या जॉब कार्डवर छापलेलं होतं, 'इंजिन ऑइल तपासणे'. त्यापुढे टिकमार्कही होता!

आणि त्यानंतर दोन महिन्यांनी मी त्या पोराला एक किरकोळ शंका विचारायला फोन केला. तो म्हणाला, "सर, मी सोडलं तिथलं. होम लोनला लागलोय. पगार फिक्स आहे." मी विचारलं, तुझ्या जागी कोण आलं? "नवीन आहे एकजण. मी त्याला माझी वही देऊन आलोय सर. बघू."

हे ऐकून मी खरंच हललो. गाडी कंपनीने बनवली, प्रमाणपत्र एआरएआयने दिलं, कर्ज बँकेने दिलं. पण मला घरी पोचवणारं ज्ञान कुठल्याही सिस्टिममध्ये नव्हतं. ते होतं एका पोराच्या वहीत आणि त्याच्या फोन उचलण्यात. तो गेला आणि त्या काउंटरवर बहुतेक परत 'टेन्शन घेऊ नका सर' सुरू झालं असेल.

गाडीबद्दल माझी एक पैची तक्रार नाही. रोज सकाळी सिग्नलला आवाज न करता सटकताना अजूनही मजा येते. मित्रांना मी सांगतो, घ्या, बिनधास्त घ्या. फक्त रंग आणि सनरूफ बघायला जितका वेळ देता, तितकाच समोरच्या माणसाला तपासायला द्या. ज्याला सगळंच येतं त्याच्यापासून जरा सावध. जो 'विचारून सांगतो' म्हणतो आणि खरंच सांगतो, त्याच्याकडे चेक फाडा.

हल्ली ऑफिसात कुणी ईव्ही घेतली की माझ्या डेस्कवर येतं. गन अडकली तर काय, ८० की १००, अर्थिंग कसं बघायचं. गल्लीतला नवा अण्णा मीच झालोय म्हणा ना! आणि मला अडलं तर? होम लोनवाला पोरगा अजूनही दुसऱ्या रिंगला फोन उचलतो. तांबडा-पांढरा त्याने अजून खाल्लेला नाही. बाबा दर फोनला आठवण करतात.

शोरूममध्ये जाताय? हे विचाराच!

● हायवेवर चार माणसं आणि एसी असताना खरी रेंज किती? तुम्ही स्वतः चालवून पाहिलीय का? नसेल तर एखाद्या मालकाशी बोलणं करून द्या.

● बॅटरी एलएफपी की एनएमसी? रोज किती टक्के चार्ज करायची?

● घरी चार्जर बसवणार त्यात केबल किती मीटर फुकट? माझ्या मीटरचा मंजूर भार पुरेल का? (७.२ किलोवॅटचा चार्जर घेताय तर हे आधी बघा.)

● बॅटरीची वॉरंटी दुसऱ्या मालकाला लागू होते का? लेखी दाखवा.

● 'सबसिडी', 'टॅक्स सूट' म्हणाले तर योजनेचं नाव आणि शेवटची तारीख विचारा. केंद्राच्या फेम-२ योजनेत खासगी कारला सबसिडी कधीच नव्हती, हे लक्षात असू द्या.

● रोडसाइड असिस्टन्समध्ये फ्लॅटबेड आहे का? हेल्पलाइनचा नंबर शोरूममध्ये बसूनच लावून बघा!

● वर्कशॉपमध्ये हाय व्होल्टेजचं ट्रेनिंग घेतलेले टेक्निशियन किती? ते रोज असतात की 'बोलवावे लागतात'?

● डिलिव्हरीच्या दिवशी केक नंतर. आधी गन लावणं-काढणं, दोरी, १२ व्होल्टची बॅटरी आणि रिमोटमधली साधी चावी, हे चारही स्वतःच्या हाताने करून बघा.